आभासी संगणकांसाठी सामाईक साठवण : मांडणी व दक्षता

एका समर्थ संगणकाची शक्ती विभागून त्यात अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याच्या पद्धतीस आभासीकरण म्हणतात. अशा आभासी संगणकाची संपूर्ण डिस्क म्हणजे बहुधा एक मोठी फाइल असते. ती यजमान सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर असल्यास, तो सर्व्हर बिघडताच आभासी संगणकही अडकून पडतो. तीच फाइल निराळ्या साठवण-सर्व्हरवर असल्यास दुसरा यजमान तिच्या आधारे काम पुढे चालवू शकतो. सामाईक साठवणीचे प्रयोजन हेच होय.

यासाठी रूढ असलेली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली प्रचारात आणली. लिनक्सवरील साठवण-सर्व्हर व प्रॉक्समॉक्स ही आभासीकरण प्रणाली यांचे उदाहरण घेतल्यास मांडणीचा क्रम पुढीलप्रमाणे होतो.

(१) साठवण-सर्व्हरवर स्वतंत्र फोल्डर करावे. ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाइलीत त्याचा मार्ग लिहून त्यापुढे केवळ यजमान सर्व्हरांचे पत्ते नोंदवावेत. साऱ्या नेटवर्कला मुभा देणे म्हणजे दप्तराचे कपाट रस्त्यावर उघडे ठेवणे होय.

(२) दुरून आलेल्या ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास लिनक्स एरवी अनोळखी मानते व त्याचे अधिकार काढून घेते. प्रॉक्समॉक्स तर रूट या नात्यानेच लेखन करते. म्हणून ‘नो रूट स्क्वॉश’ हा पर्याय त्या यजमानांपुरता द्यावा. पहिल्या कलमातील बंधनाचे महत्त्व यावरून ध्यानी येईल.

(३) त्याच ओळीत ‘सिंक’ हा पर्याय लिहावा.

(४) प्रॉक्समॉक्सच्या ‘डेटासेंटर’ विभागात ‘स्टोरेज’ उघडून साठवणीचे नाव, सर्व्हरचा पत्ता व फोल्डरचा मार्ग भरावा, आणि तेथे डिस्क-फाइली ठेवण्याची अनुज्ञा द्यावी.

यांपैकी तिसरे कलम दिसते लहान, परंतु सर्वाधिक हानी तेथेच संभवते. जो कारकून कच्च्या चिठ्ठीवर टाचण करून ‘नोंद झाली’ असे सांगतो व रजिस्टर सायंकाळी लिहितो, त्याचे काम जलद दिसते. पण मधेच चिठ्ठी हरवली तर नोंद गेलीच, आणि ती गेल्याचे कोणास कळतही नाही. ‘असिंक’ पर्यायात नेमके हेच घडते. मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वीच सर्व्हर पोच देतो. त्या क्षणी वीज गेल्यास आभासी संगणक मजकूर सुरक्षित आहे असे समजतो आणि त्याची डिस्क-फाइल बिघडते. ‘सिंक’मध्ये पोच उशिरा मिळते, पण खरी मिळते. वेगाच्या मोहाने हा पर्याय बदलू नये.

वेग कमी वाटल्यास प्रथम जोडणी तपासावी. १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदास फार तर १२५ मेगाबाइट मजकूर जातो, आणि तो सर्व आभासी संगणकांत वाटला जातो. साठवणीसाठी वेगळी जोडणी अथवा १० गिगाबिटची सोय हा योग्य उपाय होय.

आणखी दोन गोष्टींचे विस्मरण होऊ नये. एकच डिस्क-फाइल दोन यजमानांनी एकाच वेळी कदापि चालवू नये. तसेच सामाईक साठवण म्हणजे संरक्षक प्रत नव्हे. साठवण-सर्व्हरच बिघडला तर सारे आभासी संगणक एकदम थांबतात. यास्तव संरक्षक प्रती अन्य यंत्रावर ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एखादी वेळोवेळी प्रत्यक्ष चालवून पाहावी. महत्त्वाचे दप्तर सोपविण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य व्हावी.