धमक डब्याची, वॅटची नव्हे

गणपती तोंडावर आले, की जळगाव-धुळ्यात डीजेच्या भिंतींवरून बैठका, नोटिसा आणि जप्तीच्या इशाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. रात्री दहाची वेळ, ७५ डेसिबलची मर्यादा, न्यायालयाचे ताशेरे हे सगळं वाचकांना पाठ आहे. एका गोष्टीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम ज्या ‘ए’ मापनाच्या डेसिबलमध्ये आवाज मोजतात, त्यात खर्जाला फार कमी वजन मिळतं. ६३ हर्ट्झची ९० डेसिबलची धमक त्या मीटरवर जेमतेम ६४ दिसते. तावदानं थरथरत असतात आणि कागदावरचा आकडा सौम्य असतो. लोकांना त्रास होतो तो मुख्यतः खर्जाचा, आणि हौसही असते ती खर्जाचीच. म्हणून बंदीबरोबर या हौसेचाही विचार व्हायला हवा. ती घरात, हातानं बांधलेल्या दीड-दोन वीत उंचीच्या डब्यात नीट भागते. त्यासाठी हजारो वॅट लागतात हा समज पक्का झाला, कारण आपण स्पीकर विकत घेताना वॅट विचारतो, डबा कसला आहे ते विचारत नाही.

डब्याचं काम आपल्याकडे माठानं पूर्वीच दाखवून दिलं आहे. कॅसेटच्या काळात चहाच्या टपरीवर माठाच्या तोंडावर उताणा ठेवलेला स्पीकर सर्रास दिसे. उघड्या स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ करतो. दोन्ही लाटा कडेवरून एकमेकींना भेटतात आणि खर्ज तिथल्या तिथे विरतो. माठ मागची लाट कोंडून धरतो. शिवाय तो गोल. अमेरिकी अभियंता हॅरी ओल्सन यांनी १९५०च्या सुमारास निरनिराळ्या आकारांची खोकी मोजली, तेव्हा गोलाचा आलेख सर्वांत सपाट आला आणि चौकोनी ठोकळ्याचा खडबडीत, कारण धारदार कडांवरून लाटा फुटतात. कुंभाराच्या चाकावरून उतरलेली वस्तू प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरावी, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. तरीही माठाचं गाणं जे घुमे, ते सगळं खरं नव्हतं. स्वस्त स्पीकरचं मॅग्नेट दुबळं आणि आतली हवा आठ-दहा लिटर. अशा जोडीत शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास चार-पाच डेसिबलचा उंचवटा तयार होतो आणि त्याखाली आवाज झपकन पडतो. त्या उंचवट्यालाच आपण बेस म्हणत आलो. डीजेची गोडी लागलेला कान बहुधा याच उंचवट्यावर तयार झाला, असा माझा संशय आहे.

यावरचा उपाय सत्तर वर्षं जुना आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद छोट्या डब्यातून खोल खर्ज काढून दाखवला. पडद्याला मागे ओढण्याचं काम त्यांनी आत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. छिद्राच्या डब्याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात ते पूर्ण केलं. त्यातला एक कठोर नियम असा, की छोटा डबा, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. घरासाठी हा सौदा उत्तम आहे, कारण सोडायचा तो मोठा आवाज, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्याची गरजच नसते. साहित्याचं म्हणाल तर खान्देशाइतकी सोय क्वचितच कुठे असेल. जैन इरिगेशनच्या गावात पीव्हीसी पाइपाला तोटा नाही, आणि छिद्राच्या डब्यातलं छिद्र म्हणजे असा पाइपाचा तुकडाच. २० लिटर हवेचा डबा ४५ हर्ट्झवर जुळवायचा, तर आतून ७० मिलिमीटर व्यासाचा सुमारे २३ सेंटिमीटर तुकडा लागतो. पाइप थोडा लांब ठेवून ऐकत ऐकत कापत जावं; कापलेला परत जोडता येत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत ध्वनीचा वेग वाढून ही जुळणी जेमतेम दोन हर्ट्झ वर सरकते, तेव्हा उन्हाळ्याच्या नावानं खडे फोडू नयेत. बंद डब्यात गादीवाल्याकडची पिंजलेली रुई सैल भरली, तर आतली हवा थोडी जास्त असल्यासारखी वागते आणि उंचवटा बसतो. ठासून भरली तर उलट जागा खाते.

ऊन नडतं ते लाकडाला. कोरड्या मेनंतर दमट जुलै येतो आणि सागाची रुंद फळी आडवी फुगते, सांधे उघडतात. म्हणून मन सागावर असलं तरी डबा प्लायचाच करावा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२ ऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय घेतला तर तो तिपटीहून अधिक ताठ होतो आणि डबा स्वतः गात नाही. एमडीएफ कापायला सुबक, पण त्याच्या उघड्या कडा पाणी पितात. त्यांना पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात द्यावेत, वाळल्यावर घासावं, मग प्रायमर. सनमायका एकाच बाजूला लावला की फळी धनुष्यासारखी वाकते. फिनिशिंग ही नुसती शोभा आहे असं समजून सुतार इथेच घाई करतो, पण रंग, लांबी आणि आतल्या सांध्यांवरचं एम-सील हवा अडवतात, आणि सुईएवढ्या फटीतूनही खर्जाच्या वेळी फुसफुस ऐकू येते.

एवढा खटाटोप कशाला, ब्लूटूथचा तयार डबा स्वस्त पडतो, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. त्या डब्यात एक चिप खर्ज फुगवते आणि आवाज वाढवताच गुपचूप कमी करते. हळू आवाजात काम छान चालतं. पण बॅटरी मेली की बहुतेकांचा प्रवास भंगारात संपतो. प्लायच्या डब्यातला स्पीकर चार स्क्रू काढून बदलता येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: डीजेच्या भिंतीही इथल्याच सुतारांनी प्लायच्या बांधलेल्या असतात, मग हातकामाचं कौतुक कसलं? खरं आहे. कसब तेच, हातही तेच. भिंत बांधणारा वरच्या नियमातलं मोठ्या आवाजाचं आणि खोल खर्जाचं टोक निवडतो आणि आकाराची किंमत गल्लीकडून वसूल करतो. श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायकांचा आवाज मात्र दोनशे हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. सोबतीच्या ढोलकीसह तो पेलायला २० लिटर पुष्कळ. डबा तयार झाल्यावर तपासणीही सोपी आहे. बंद डब्याचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर हवा कोंडली आहे. झटकन परतला, तर खर्जाचं गाणं लावून सांध्यांवरून अगरबत्ती फिरवावी. धूर जिथे थरथरेल, तिथे एम-सील अजून बाकी आहे.