ऑनलाइन वसुली आणि पैसे भरणाऱ्यांची नोंद

घाऊक धान्याच्या व्यापारात उधारीवाचून चालत नाही, आणि उधारी म्हटली की खतावणी आलीच. पूर्वी वसुलीस गेलेला दिवाणजी पैसे मोजून घेई, पावती फाडी व संध्याकाळी रोजमेळात आसामीचे नाव स्वतः लिही. पैसे कोणी दिले, हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. देणारा समोर उभा असे. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाले. एका दिवशी एकाच व्यक्तीकडून दोन लक्ष रुपये वा अधिक रोख घेण्यास तर १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. त्यामुळे आता रविवारी, सणावारी, मध्यरात्रीदेखील पैसे पेढीच्या खात्यात येऊन पडतात. ते कोणाच्या खाती जमा करावयाचे, हे मात्र आपल्या नोंदींच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

गिऱ्हाईक एक व पैसे भरणारा दुसरा, ही गोष्ट आपल्या धंद्यात नित्याची आहे. बिल दुकानाच्या नावाचे असते. पैसे मालकाच्या मुलाच्या मोबाइलवरून, सुनेच्या खात्यातून, क्वचित त्या दुकानाचे देणे लागणाऱ्या तिसऱ्याच गृहस्थाकडून येतात. बँकेच्या उताऱ्यात दिसते ते त्या खातेदाराचे नाव. म्हणून प्रत्येक आसामीच्या नोंदीत दुकानाचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक यांखाली, त्याच्या वतीने जे जे पैसे भरतात त्यांची नावे, यूपीआय पत्ते व बँक खात्याचे शेवटचे चार आकडे असावेत. ही माहिती मालकाकडून लेखी घ्यावी. मुनिमाने अंदाजाने लिहू नये.

आमच्या बेळगावच्या बाजारात सीमेच्या दोन्ही अंगांची गिऱ्हाइके आहेत. समजा, एकाच नावाचे एक दुकान निपाणीस आणि दुसरे गडहिंग्लजला आहे. यादीत नुसते नाव असेल, तर निपाणीकरांचे ८४,००० रुपये गडहिंग्लजकरांच्या खाती जमा होण्यास क्षणही लागत नाही. मग ज्याने वेळेवर पैसे दिले त्यालाच तगाद्याचा फोन जातो. रक्कम चार दिवसांनी सापडते, दिलगिरीही व्यक्त होते. पण वीस वर्षांचे ते गिऱ्हाईक पुढचा हरभरा दुसऱ्या पेढीकडून उचलते, आणि का उचलला हे कोणास सांगत नाही. यासाठी नावावर विसंबू नये. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे (कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०) व पुढील दहा अक्षरे पॅनची. ज्या लहान दुकानदारांना तो क्रमांक नाही, त्यांस पेढीने आपला क्रमांक द्यावा व तो पुन्हा कधीही दुसऱ्यास देऊ नये. बँकेकडे मागणी केल्यास प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निराळा आभासी खाते क्रमांकही मिळू शकतो. पैसे पेढीच्या मूळ खात्यातच येतात, पण कोणाचे ते सोबतच कळते. मोठ्या उलाढालीच्या सभासदांनी ही सोय जरूर घ्यावी.

दुबार नोंदी बहुधा रोमन लिपीमुळे होतात. एकट्या ‘शहा’ या आडनावाची स्पेलिंगे दोन-तीन. संगणकास ती तितकीच निराळी माणसे वाटतात. अशा नोंदी एकत्र करण्यापूर्वी दोन्ही खात्यांची बाकी त्या आसामीस दाखवून कबूल करून घ्यावी. मोबाइल क्रमांकही वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमारास, विचारून घ्यावा. वापरात नसलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्यास दिला जातो, आणि मग आपल्या बाकीचा निरोप परक्या माणसाच्या हाती पडतो.

इतके करूनही बेवारशी रक्कम येतेच. ती उचंत खाती ठेवावी व संदर्भ क्रमांकावरून शोध घ्यावा. एनईएफटीचा क्रमांक १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२, यूपीआयचा १२ आकड्यांचा असतो. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठविलेले चित्र म्हणजे पावती नव्हे. बँकेच्या उताऱ्यात क्रमांक जुळल्याखेरीज जमा लिहू नये, मग गिऱ्हाईक कितीही घरोब्याचे असो.

“चुकून पैसे आले, या दुसऱ्या खात्यावर परत करा” असा फोन आल्यास मुळीच ऐकू नये. रक्कम परत करणे झाल्यास, बँकेमार्फत, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात करावी. फसवणुकीचा पैसा अनेक खात्यांतून फिरविला जातो. तो आपल्या खात्यात आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, प्रसंगी सबंध खाते गोठविते. ऐन हंगामात खाते बंद पडले तर शेतकऱ्यांचे पैसे कोठून द्यावे? अशा वेळी पैसे भरणाऱ्याची नोंद, त्याच्या नावापुढील बिल व ई-वे बिल हाच आपला पुरावा. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

गिऱ्हाइकाने व्यवहार थांबविला तरी त्याची नोंद पुसू नये. ‘बंद’ असा शेरा मारावा. जीएसटी कायद्यान्वये हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ही यादी पाहण्याचा अधिकार एक-दोन विश्वासू माणसांकडेच असावा, आणि नोकरी सोडून गेलेल्या गुमास्त्याचा संकेतशब्द त्याच दिवशी बंद करावा.