भार पेलणारे तेल

पोलादाचे दोन पृष्ठभाग कितीही चकचकीत घासले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर उंचवटे आणि खळगे दिसतातच, आणि असे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते केवळ काही उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. या टोकांवरचा दाब इतका प्रचंड असतो की तेथील धातू दबून पसरतो आणि भार पेलण्यापुरते क्षेत्रफळ मिळाल्यावरच थांबतो. मऊ पोलादाची कठिनता, म्हणजे दबण्याला होणारा विरोध, दर चौरस मिलिमीटरला १५० किलो धरली, तर दीड टनाचा भार प्रत्यक्षात जेमतेम १० चौरस मिलिमीटरवर तोललेला असतो, मग वरचा ठोकळा तळहाताएवढा असो की टेबलाएवढा. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, पण दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों याने १६९९ मध्ये मांडलेला नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी त्याचा उलगडा या खऱ्या स्पर्शक्षेत्रावरूनच केला.

टेकलेल्या टोकांपाशी धातू धातूला चिकटतो आणि हे सांधे तोडण्यासाठी लागणारे बल हा घर्षणाचा मोठा भाग असतो. सांधा तुटताना शेजारचा धातूच उपटला गेला, की त्याला झीज म्हणतात. मात्र बहुतेक सांधे काहीही न उपटता सुटत असल्याने घर्षण जास्त म्हणजे झीजही त्याच प्रमाणात जास्त, असे समीकरण मांडता येत नाही.

तेलामुळे पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि म्हणून घर्षण घटते, हा सर्वसाधारण समज अपुरा आहे, हे रेल्वेच्या आसांसाठी बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने केलेल्या प्रयोगांतून उघड झाले. १८८३ च्या सुमारास तो फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडवून, वर भार दिलेले अर्धगोलाकार बेअरिंग ठेवून घर्षण मोजत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागले. छिद्रात बूच बसवले, पुढे लाकडी खुंटी ठोकली, पण दोन्ही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक जोडला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पौंडच होता. याचा अर्थ, आस बेअरिंगला टेकतच नव्हता आणि सगळा भार तेलाने उचलला होता.

याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये मांडले. भारामुळे आस किंचित एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे निमुळती होत जाते, आणि फिरणारा आस तेलाला त्या निमुळत्या फटीत ओढून नेतो. तेल दाटीवाटीने पुढे सरकताना त्याच्या श्यानतेमुळे, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधामुळे, दाब निर्माण होतो. हा दाब गतीवर पोसलेला असल्याने यंत्र थांबताच तो ओसरतो आणि धातू पुन्हा धातूवर टेकतो, म्हणूनच इंजिन सुरू होतानाचे पहिले काही क्षण त्याच्या बेअरिंगांना फार जाचक ठरतात. जाड तेल ओतले की इंजिन सुरक्षित, ही गॅरेजमधली ठाम समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे: श्यानता वाढल्यावर थर जाड होतो, परंतु तेल ढवळण्यातच शक्ती वाया जाते आणि गार इंजिनात ते पोहोचायलाही वेळ लागतो.

थर अपुरा पडतो तेथे रसायन कामी येते. गिअर ऑइलला येणारा उग्र वास त्यातील गंधकयुक्त द्रव्यांचा असतो; घासणाऱ्या दातांवर उष्णता वाढली, की ही द्रव्ये पोलादाशी संयोग पावून लोहाच्या संयुगाचा पातळ पापुद्रा तयार करतात, जो धातूऐवजी स्वतः झिजतो आणि पुन्हा पुन्हा बनत राहतो.

छर्‍यांच्या बेअरिंगमधला प्रकार सर्वांत विलक्षण आहे. छर्‍याखाली दाब वातावरणाच्या दहा हजार पटींहून अधिक होऊ शकतो, आणि तेवढ्या दाबाने तेल पिळून निघून जाईल असे वाटते; प्रत्यक्षात त्याची श्यानता कित्येक पटींनी वाढते, पोलाद लवचिकपणे किंचित दबते आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा थर टिकून राहतो. तरीही धातू न टेकता पृष्ठभागाखाली तोच ताण लाखो वेळा येत राहिल्याने तेथे बारीक चिरा पडतात आणि कालांतराने खपली निघून खड्डा उरतो. तेलात मिसळलेला धुळीचा कण या थराच्या जाडीपेक्षा सहज दसपट मोठा असतो; तो छर्‍याखाली दडपला गेला, की पोलादावर खळगा उमटतो आणि चीर पुष्कळदा त्याच खळग्याच्या कडेपासून सुरू होते.