दोन रेल्वेमार्गांचा चौक : आधी कोणी जायचे?

रेल्वेने पाठविलेला माल वेळेवर पोहोचला की व्यापारी निश्चिंत होतो. मात्र दोन रेल्वेमार्ग एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात, तेथे आधी कोणत्या गाडीने जायचे, हा प्रश्न सुटायला मोठी किंमत मोजावी लागली आहे.

अमेरिकेत शिकागोच्या दक्षिणेस १८५२ साली इलिनॉय सेंट्रल कंपनीने आपले रूळ मिशिगन सदर्न कंपनीच्या रुळांवरून आडवे नेले. दोन्ही कंपन्यांचे पटत नव्हते. २५ एप्रिल १८५३ च्या रात्री या चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली व किमान १८ प्रवासी प्राणास मुकले. पोटापाण्यासाठी परदेशातून आलेली माणसे त्यांत होती. पुढे प्रत्येक गाडीने येथे पूर्ण थांबूनच निघायचे, असे ठरले. गाड्या थांबू लागल्या तशी भोवती वस्ती वाढली, कारखाने आले. हा भाग आजही 'ग्रँड क्रॉसिंग' म्हणून ओळखला जातो.

पण दर वेळी थांबायचे म्हणजे वेळ आणि कोळसा दोन्हींचा खर्च. म्हणून काही चौकांत उंच खांबावर गोळे चढवून कोणत्या मार्गाला वाट मोकळी आहे, हे दाखवीत. न्यू हॅम्पशायरमधील व्हाइटफिल्ड येथे अशी व्यवस्था होती. यात एक उणीव होती. सारी भिस्त एका माणसाच्या सावधपणावर राही.

ही उणीव दूर करणारी युक्ती इंग्लंडमध्ये निघाली. जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ मध्ये सिग्नल व सांधे यांचे खटके एकमेकांत अडकविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. याला 'इंटरलॉकिंग' म्हणतात. चौकात या तत्त्वाचा उपयोग असा : एका मार्गाचा सिग्नल मोकळा केला की दुसऱ्या मार्गाचा खटका जागच्या जागी अडकतो. सिग्नलवाल्याने चुकून ओढला तरी तो हलत नाही. पुढे १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतून वीज खेळवून गाडीची हजेरी कळविणाऱ्या 'ट्रॅक सर्किट'चे पेटंट घेतले. चौक रिकामा आहे की नाही, हे त्यामुळे रूळच सांगू लागले.

ग्रँड क्रॉसिंगवरचा तिढा मात्र १९१२ च्या सुमारास रूळ उंचावले गेले तेव्हाच मिटला. आपल्याकडे नागपूरजवळ हावडा-मुंबई व दिल्ली-चेन्नई मार्ग एकमेकांना छेदतात. तेथून जाणाऱ्या मालाची सुरक्षितता याच तत्त्वावर उभी आहे.

माणूस कितीही हुशार असला तरी थकतो, विसरतो. कारखान्यात यंत्र बसविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : सावधगिरीची पाटी लावणे चांगलेच, पण चूक घडूच नये अशी यंत्राची रचना त्याहून चांगली.