परमुलखातील रुग्ण आणि लखनौची रुग्णालये

मनुष्य आपल्या गावी आजारी पडतो तेव्हा त्याला पुष्कळ गोष्टी न विचारताच ठाऊक असतात. कोणत्या दुखण्यासाठी कोणाकडे जावे, रुग्णालयाची खिडकी किती वाजता उघडते, रात्री-अपरात्री कोणाला हाक मारावी, पैसे कमी पडले तर कोणाचे दार ठोठवावे, हे सारे ज्ञान तो सहज वागवीत असतो. परमुलखात पाऊल टाकताच हे ज्ञान निरुपयोगी ठरते. रोग तोच आणि शरीरही तेच. परंतु रुग्ण मात्र एकाएकी अडाणी होतो. ही स्थिती समजून घेण्यास लखनौ हे चांगले उदाहरण आहे. पश्चिम नेपाळमधील रुग्ण उपचारांसाठी या शहरात दीर्घकाळ येत आहेत.

सीमेपासून शहरापर्यंत

नेपाळगंज हे पश्चिम नेपाळच्या तराईतील एक प्रमुख शहर आहे. तेथून काठमांडू रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. लखनौ मात्र दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. नेपाळगंजमध्ये भेरी रुग्णालय आहे आणि जवळच कोहलपूर येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तथापि हृदय, मूत्रपिंड किंवा कर्करोग यांसारख्या दुखण्यात पुढील उपचारांचा प्रश्न निर्माण झाला, म्हणजे रुग्णाच्या घरची माणसे साहजिकच अंतराचा विचार करतात. रुपईडिहा येथे सीमा ओलांडून नानपारा व बहराइच मागे टाकावे आणि घाघरा नदी पार करून लखनौच्या कैसरबाग बसस्थानकावर उतरावे, हा त्यांचा नेहमीचा मार्ग होय. भारत व नेपाळ यांच्यातील १९५० च्या मैत्री कराराची परंपरा अशी की, खुष्कीच्या मार्गाने येणाऱ्या नेपाळी नागरिकास प्रवेशपत्र, म्हणजे व्हिसा, लागत नाही. अन्य बहुतेक देशांच्या नागरिकांना उपचारांसाठी येताना निराळा वैद्यकीय व्हिसा घ्यावा लागतो.

या वाटेने एके काळी उलट दिशेने प्रवास झाला होता. १८५७ चा उठाव मोडून पडल्यावर अवधची बेगम हजरत महल आणि नानासाहेब पेशवे यांनी नेपाळच्या तराईचा आश्रय घेतला. तराईतील हिवतापाची त्या काळी मोठी दहशत होती. बेगम हजरत महल यांचे १८७९ मध्ये काठमांडू येथे निधन झाले. ज्या शहरातून त्यांना निघावे लागले त्याच शहराकडे आज तराईतील आजारी माणसे येत आहेत.

कोणत्या दारी जावे?

लखनौत वैद्यकाची परंपरा जुनी आहे. नवाबी काळापासून येथील हकीमांचा लौकिक होता आणि १९०२ मध्ये स्थापन झालेले तकमील-उत-तिब हे युनानी महाविद्यालय त्या परंपरेतील आहे. आधुनिक वैद्यकाची प्रमुख संस्था म्हणजे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय. तिची कोनशिला १९०५ मध्ये बसवली गेली, १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले आणि २००२ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बसस्थानकापासून फार दूर नसलेले बलरामपूर रुग्णालय हे राज्य शासनाचे सर्वसाधारण रुग्णालय आहे. शहराच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यावर १९८३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. गोमतीनगर भागात डॉ. राम मनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्था आहे.

नवागताला ही सर्व ‘मोठी रुग्णालये’ सारखीच वाटतात. वस्तुतः त्यांची कामे भिन्न आहेत. ताप, साधा अस्थिभंग किंवा पोटदुखी घेऊन येणाऱ्यास बलरामपूरसारखे रुग्णालय पुरेसे असते. किंग जॉर्ज येथे जवळजवळ सर्व शाखा असून अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. संजय गांधी संस्था ही मुख्यतः अतिविशेष उपचारांची संस्था असल्याने, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी व तपासण्यांचे कागद जवळ असतील तरच तेथील काम सुरळीत चालते. चुकीच्या दारी गेलेला रुग्ण सहसा हाकलला जात नाही. त्याला दुसऱ्या दारी पाठविले जाते. तोपर्यंत सकाळची नोंदणी संपलेली असते, आणि एक दिवस वाया जातो. ज्याला धर्मशाळेचे भाडे भरावयाचे आहे आणि ज्याचे दुखणे दिवसागणिक वाढत आहे, त्याच्या दृष्टीने असे तीन-चार दिवस फार मोलाचे असतात.

पर्चा आणि तीमारदार

लखनौच्या रुग्णालयात शिरताच दोन शब्द कानी पडतात. पहिला ‘पर्चा’. आपल्याकडे ज्याला केसपेपर म्हणतात तो हाच. राज्य शासनाच्या साध्या रुग्णालयांत एका रुपयात पर्चा देण्याची पद्धत उत्तर प्रदेशात सर्वश्रुत आहे. पर्चा झाल्यावाचून डॉक्टरांच्या खोलीत प्रवेश नाही, तपासणी नाही आणि औषधही नाही. आता नोंदणी संगणकावर व भ्रमणध्वनीवरूनही होऊ लागली आहे. परंतु नोंदणीचा संकेतांक ज्या क्रमांकावर यावयाचा तो भारतीय क्रमांक परदेशी रुग्णाजवळ बहुधा नसतो, आणि आधारपत्र तर नसतेच. रांगा कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या सोयीचा लाभ त्याला होत नाही. त्याला जुन्या खिडकीपाशीच उभे राहावे लागते.

दुसरा शब्द ‘तीमारदार’. रुग्णाची शुश्रूषा करणारा, त्याच्या सोबत राहणारा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील मोठ्या सरकारी रुग्णालयांप्रमाणे तेथेही निम्मे काम हा सोबतीच करतो. रक्ताचा नमुना एका इमारतीत पोहोचविणे, पैसे दुसरीकडे भरणे, अहवाल तिसरीकडून आणणे, औषध घेऊन खाटेपाशी परतणे, ही सर्व धावपळ त्याच्या वाट्याची असते. रक्त द्यावयाचे ठरले तर रक्तपेढीत बदली रक्तदाता कोण, असाही प्रश्न विचारला जातो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाभोवती परगावचे लोक पदपथावर दिवस काढताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. रुग्णालयाची अलिखित अपेक्षाच अशी असते की, रुग्णामागे एक धडधाकट व वाचता येणारा माणूस असावा. परदेशी रुग्णाजवळ पुष्कळदा असा माणूस नसतो, किंवा असला तरी तोही वाट चुकलेला असतो. मोठ्या रुग्णालयांच्या फाटकांबाहेर दलालांचे फावते ते या कारणाने. ‘आत खाट मिळणार नाही, माझ्याबरोबर चला,’ एवढे वाक्य गोंधळलेल्या माणसाला पुरेसे होते. खाट आहे की नाही याचे उत्तर आतील चौकशीच्या खिडकीवरच घ्यावे, हा साधा नियम पाळल्यास मोठी हानी टळते.

शब्दांची फसगत

नेपाळी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. यामुळे पाट्या वाचता येतात आणि आपल्याला सर्व समजते असा विश्वास वाटू लागतो. धोका येथेच असतो. नेपाळीत मूत्रपिंडाला ‘मिर्गौला’ म्हणतात. हिंदी जाणणाऱ्याच्या कानाला त्याच्याशी जवळचा वाटणारा शब्द ‘मिरगी’, म्हणजे अपस्मार. हिंदी बोलणारा मूत्रपिंडाला ‘गुर्दा’ म्हणतो. उलटपक्षी, नेपाळीतील ‘दुख्छ’ हा शब्द मराठी ‘दुखते’ या शब्दाचा सख्खा भाऊ शोभावा. परंतु लखनौतील डॉक्टर ‘दर्द कहाँ है?’ असे विचारतात.

मराठी माणसाचीही या शहरात अशीच फसगत होऊ शकते. आपल्याकडे ‘जुलाब होणे’ हा रोग आहे. हिंदीत ‘जुलाब’ म्हणजे रेचक, पोट साफ करण्याचे औषध. आपण ज्याला जुलाब म्हणतो त्याला हिंदीत ‘दस्त’ म्हणतात, आणि मराठीत दस्त म्हणजे नोंदणी कार्यालयातील कागद! ‘मला जुलाब झाला’ हे वाक्य जसेच्या तसे हिंदीत नेले तर रुग्णाने रेचक घेतले, असा समज होणे शक्य आहे. यास्तव दुखण्याचे नाव सांगण्याऐवजी दुखण्याचे वर्णन करावे. बोट ठेवून जागा दाखवावी. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, खाल्ल्यावर की उपाशीपोटी, हे सांगावे. पूर्वी घेतलेल्या औषधांची वेष्टने बरोबर न्यावीत. रिकाम्या वेष्टनावरील अक्षरे दोन्ही देशांत सारखीच वाचली जातात.

दोन पंचांगे

नेपाळी रुग्णापुढे आणखी एक अडचण असते, ती सनाची. नेपाळमध्ये सरकारी व्यवहारात विक्रम संवत चालतो. त्याचे वर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते आणि ते इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे असते. नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावर जन्मवर्ष २०३५ असेल, तर तो मनुष्य इसवी सन १९७८-७९ मधील असतो. ज्या कारकुनाला हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने त्या माणसाचा जन्म अजून व्हावयाचा आहे! येथवर प्रकार गमतीचा आहे. परंतु एखादी शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली किंवा क्षयाचे औषध कधी सुरू होऊन कधी बंद झाले, हे संवतात लिहिले असेल तर हिशेब चुकतो आणि त्यावर पुढील उपचार अवलंबून असतात. वय व महत्त्वाच्या तारखा इसवी सनात मांडलेला एक कागद घरूनच तयार करून आणणे हा यावरील उपाय होय.

पैशाची बाजू

नेपाळी चलन भारतीय रुपयाशी जोडलेले आहे. १९९३ पासून भारतीय १०० रुपयांस नेपाळी १६० रुपये हा दर कायम आहे. हिशेब सोपा असला तरी खर्च हलका होत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, आणि ते स्वतःच्या राज्याबाहेरही चालते. महाराष्ट्रातील पात्र कुटुंबास योजनेशी संलग्न असलेल्या लखनौतील रुग्णालयात त्याचा उपयोग होऊ शकतो. सीमेपलीकडील रुग्णास होत नाही. त्याने गाठीचा पैसा आणलेला असतो, आणि त्यात उपचारांबरोबर सोबत्याचा मुक्काम, जेवण व परतीचे भाडेही बसवावयाचे असते. म्हणून दाखल होण्यापूर्वी अंदाजे खर्च विचारून घेणे यात संकोचाचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

या सर्व अडचणींच्या वर एक गोष्ट स्पष्ट आहे. भारतीय संविधानातील काही अधिकार केवळ नागरिकांचे आहेत. परंतु अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण ‘व्यक्ती’ला दिलेले आहे. व्यक्ती या शब्दात परदेशी मनुष्यही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात स्पष्ट केले. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितले होते की, जखमी मनुष्याचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवू नयेत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरविला गेला.

कागदपत्रांची गरज यामुळे संपत नाही. परदेशी रुग्ण दाखल झाल्यास त्याची माहिती रुग्णालयाने संबंधित नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी लागते. अवयवप्रत्यारोपणात दाता किंवा रुग्ण परदेशी असेल, तर जवळच्या नात्यातही प्राधिकृत समितीची पूर्वपरवानगी आवश्यक असते. गरिबाच्या अवयवाचा व्यापार होऊ नये हा त्यामागील हेतू. अशा प्रसंगी नात्याचे पुरावे आपल्या देशातूनच तयार करून आणावे लागतात. मात्र प्राण धोक्यात असताना आधी उपचार आणि नंतर कागद, हा क्रम आहे. रुग्णाला तो ठाऊक असावा आणि खिडकीमागील माणसालाही तो ठाऊक असावा.

परक्या रुग्णाच्या अडचणींचे मूळ डॉक्टरांच्या अभावात क्वचितच असते. वाट दाखविणारे माणूस त्याच्याजवळ नसते. गावी जे काम शेजारी, नातलग आणि ओळखीचा कंपाउंडर करतात, ते येथे एका नीट लावलेल्या कागदांच्या पुडक्याने करावे लागते, आणि कागद पुरे पडत नाहीत तेथे कोणातरी अनोळखी माणसाने. रांगेत पुढे उभ्या असलेल्याने मागच्याला योग्य खिडकी दाखविली, तर त्याला त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. दूरवरून आलेल्या रुग्णाचा मात्र त्यामुळे एक दिवस वाचतो.