माशीच्या पोटातील मोरपिसारा

पिकलेले केळे दोन दिवस विसरून राहिले की त्याच्याभोवती बारीक माश्या घिरट्या घालू लागतात. आपण त्यांना चिलटे म्हणून हाकलतो. त्यांच्यातलीच तांबड्या डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची फळमाशी म्हणजे ड्रोसोफिला. १९१० साली अमेरिकेत मॉर्गन यांना हिच्यातच पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली.

भिंगातून पाहिले तर नर-मादी सहज ओळखता येतात. मादी थोडी मोठी, तिच्या पोटाचे टोक निमुळते. नर लहान, त्याचे टोक काळेभोर. पण खरे नवल बाहेर नाही, आत आहे.

माणसाचा शुक्रजंतू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. आपल्या नेहमीच्या फळमाशीचा शुक्रजंतू मात्र सुमारे दोन मिलिमीटर भरतो! तिच्याच ड्रोसोफिला बायफर्का नावाच्या भाईबंदाने तर कमाल केली आहे. त्याच्या शुक्रजंतूची लांबी ५८ मिलिमीटर, म्हणजे नराच्या शरीराच्या जवळजवळ वीसपट. हेच प्रमाण माणसाला लावून पाहा. पाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या बाबतीत ती लांबी दहामजली इमारतीहून जास्त होईल! अर्थात हा धागा सरळ राहत नाही. दोऱ्याच्या गुंडीसारखा तो गुंडाळलेला असतो.

एवढी लांबी फुकट मिळत नाही. ती तयार करणारी इंद्रियेही तशीच मोठी लागतात, त्यामुळे नराला वयात यायला मादीपेक्षा जास्त दिवस लागतात आणि शुक्रजंतूही थोडेच तयार होतात. मग हा तोट्याचा व्यवहार निसर्गाने का केला?

उत्तर मादीच्या पोटात आहे. शुक्रजंतू साठवण्यासाठी तिच्या शरीरात एक अरुंद, वेटोळी नळी असते. मादी एकाहून अधिक नरांशी संग करते. त्यामुळे नळीतल्या जागेसाठी चढाओढ लागते आणि नंतर आलेले शुक्रजंतू आधीच्यांना बाहेर ढकलू पाहतात.

नळीच्या लांबीचा या चढाओढीशी काही संबंध असेल का? अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात मिलर आणि पिटनिक यांनी हे प्रयोगाने तपासले. त्यांनी माश्यांच्या काही वंशांत पिढ्यान्‌पिढ्या लांब नळीची निवड केली, तर काहींत आखूड नळीची. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लांब शुक्रजंतू असलेल्या नरांचे पारडे जड ठरले, आणि नळी जितकी लांब तितका त्यांचा फायदा अधिक. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. निवड फक्त मादीच्या नळीची केली होती, तरी त्या वंशांतल्या नरांच्या शुक्रजंतूंची लांबीही बदलली!

पुढे २०१० साली त्याच विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एका नराच्या शुक्रजंतूंची डोकी हिरवी आणि दुसऱ्याची तांबडी चमकतील अशी सोय केली. मग ही ढकलाढकली सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता आली.

मोराचा पिसारा तुम्हाला ठाऊक आहे. तो बाळगणे मोराला जड जाते, पण लांडोरीच्या पसंतीमुळे तो वाढत गेला, असे डार्विनने १८७१ साली मांडले. इथेही तसेच घडले. फरक इतकाच, की पसंती डोळ्यांनी न होता एका नळीच्या लांबीने झाली. मादीचे अंतरंग बदलले की नराचेही बदलते.

उत्क्रांती म्हणजे केवळ खडकातल्या जीवाश्मांची जुनी गोष्ट, असे पुष्कळांना वाटते. पण फळमाशीची नवी पिढी अवघ्या दहा-बारा दिवसांत तयार होते. म्हणूनच काचेच्या बाटलीत, मोजपट्टी हाती घेऊन, उत्क्रांतीला प्रश्न विचारता येतो आणि ती उत्तरही देते. पुढच्या वेळी केळ्यावरची चिलटे हाकलण्यापूर्वी भिंग घेऊन क्षणभर पाहा. नर कोणता आणि मादी कोणती, ते तुम्हाला ओळखता येते का?