प्रवासातली अंडी का उबत नाहीत?

आई लेकीसाठी गावाहून एस.टी.ने डझनभर गावठी अंडी पाठवते. अंडी धड पोहोचतात, एकही फुटलेले नसते. लेक ती मोठ्या आशेने खुडूक कोंबडीखाली बसवते, एकवीस दिवस वाट पाहते आणि पिल्ले निघतात दोनच. शेजारीण म्हणते, ‘नजर लागली.’ दुसरी टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवायला सांगते.

भगिनींनो, यात नजरेचा काही संबंध नाही. नुकसान वाटेतच झालेले असते, फक्त ते कवचावरून दिसत नाही.

अंड्याच्या रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते. बाहेर येण्याआधी पिल्लू पहिला श्वास तेथेच घेते. गाडीच्या धक्क्यांनी आतला पापुद्रा सुटला की ही पोकळी जागेवर राहत नाही. दुसरा शत्रू ऊन. अंडे साधारण २४ अंशांपेक्षा जास्त तापले की आतल्या जीवाची वाढ अर्धवट सुरू होते; पुरती ऊब न मिळाल्याने तो दगावतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अंडी पाठवूच नयेत.

पाठवणारीने एवढे करावे. कळपात कोंबडा हवा, नाहीतर अंडी फलित नसतात. अंडी सात दिवसांच्या आतली, स्वच्छ आणि मध्यम आकाराची निवडावीत. ती धुवू नयेत. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. प्रत्येक अंडे वेगळे कागदात गुंडाळून निमुळते टोक खाली करून ठेवावे. मध्ये लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस दाबून भरावे. खोके हलवले तर आवाज येता कामा नये. ते दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून मध्ये पुन्हा भुसा भरावा. गाडी रात्रीची पाहावी. ओळखीचे माणूस मांडीवर घेऊन येणार असेल तर उत्तम.

बर्ड फ्लूची साथ असलेल्या भागातून अंडी आणू नयेत. २००६ साली नवापूरला या रोगाने काय हाहाकार केला, हे आपण पाहिले आहे.

अंडी घरी आली की लगेच बसवण्याची घाई करू नका. निमुळते टोक खाली ठेवून चोवीस तास सावलीत, गार जागी स्थिर राहू द्या; फ्रिजमध्ये नको. तोवर कोंबडीखाली साधी खायची अंडी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रात्री बदला. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाका.

बारा अंडी खाल्ली तर दोन वेळचे कालवण होते. उबली तर खुराडे भरते, आणि तो पैसा बहुधा बाईच्याच हाती राहतो, मुलांच्या वह्यापुस्तकांना येतो. म्हणून किती बसवली, किती उबली हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी चूक कोठे झाली ते वहीच सांगेल.